एकविसावं नाव

अवसरी बुद्रुक,
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वृषाली हिस,

दादाभाऊ सरांचे आशीर्वाद. कॉलेज सोडून तीन वर्षं झाल्यावर सरांचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी धाकटी बहीण अक्षदाही बरी आहे. आज सकाळी लॅबमध्ये पहिल्या रांगेत होती. जुन्नरला सासरी तुझं ठीक चाललं असेल, आणि अरिहंतशेठच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून घेणाऱ्यांची तुझ्या टेबलासमोरची रांगही हटत नसेल, असं धरून चालतो.

फोन का नाही केला, असं तुला वाटेल. केला होता की. गेल्या आठवड्यात तीनदा. एकदा तू उचलला नाहीस, एकदा रिंग जायच्या आत मीच कापला, आणि तिसऱ्यांदा तुला विचारलं की प्रिंटर कोणता चांगला चालतो. तू बिचारी दहा मिनिटं प्रिंटरबद्दल सांगत बसलीस. आम्हाला प्रिंटर घ्यायचा नाही, वृषाली. जुनाच ठोकून ठोकून चालवतोय.

काल महाशिवरात्र झाली. भीमाशंकरच्या गाड्यांनी मंचरचा चौक दिवसभर तुंबला होता, आणि आज निम्मा वर्ग गैरहजर. कॉलेज आहे तसंच आहे. वीस कॉम्प्युटरपैकी चौदा चालतात. तुम्ही मुली लॅबबाहेरच्या कट्ट्यावर कागदावर प्रोग्राम लिहून एकमेकींच्या चुका काढायचात, तिथे आता रील काढतात. चांगल्या काढतात, खोटं कशाला बोलू. मधूनच कोणीतरी विचारतं, "सर, एआयच कोड लिहितंय, मग आमी काय करायचं?" मी सांगतो की त्याने लिहिलेलं कुठे चुकलं ते ओळखायला माणूस लागणारच. खरंच आहे ते, पण दिवसातून चौथ्यांदा सांगताना माझाच आवाज मला पटत नाही.

मी अजून तासिका तत्त्वावरच. हे तेरावं वर्ष. दर जूनला नव्याने मुलाखत असते. तेरा वर्षं ज्यांच्यासोबत चहा पितो तीच माणसं टेबलापलीकडे बसून म्हणतात, "आपला परिचय द्या." मी देतो. आता सवय झाली, आणि दमायलाही झालं.

बरं, मुद्द्याचं. गेल्या वर्षी आपल्याकडे एकही कंपनी आली नाही. पोरं कोणी पार्सल पोचवतंय, कोणी कॉल सेंटरला, कोणी घरी मेथीच्या जुड्या बांधतंय. यंदा एक येतेय. तुमच्या वर्षी आली होती तीच, पुण्याची. परीक्षा २७ तारखेला आणि नावं या शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पाठवायची आहेत. अक्षदाने फॉर्म भरलेला नाही.

मी तिला बोलावून विचारलं. मान खाली घालून म्हणाली, "मला न्हाई भरायचा, सर."

"का गं?"

"ताईला कॉलेजात ऐंशी टक्के व्हते. तरी दहावीच्या मार्कांवरनं तिला उडवलंच ना? परीक्षेलाबी बोलावलं न्हाई. माझे दहावीचे तर तिच्यापेक्षा कमी हायेत. ताईच म्हणती, त्या कंपन्या आपल्यासाठी नसत्यात. उगं कशाला आशा लावून घ्यायची?"

मी तिला म्हणालो, बघू. एवढंच म्हणालो. गेले आठ दिवस मी तिच्यापुढून जाताना मोबाईलमध्ये बघतो.

जानेवारीत तुझे वडील सयाजीराव आले होते, अक्षदाच्या शिष्यवृत्तीचा दाखला द्यायला. त्यांना कॅन्टीनमध्ये चहाला नेलं. यंदा तळेघरला भात बरा झाला, नाचणीही बरी झाली, असं सांगत होते. मग आपणहून तुझा विषय काढला. म्हणाले, "सर, त्या साली वृषालीला परीक्षेला बोलावलं असतं ना, तर आमी समदं ठरवून ठेवलं व्हतं. माझी बहीण चिमाबाई डिंब्याला आसती. आदल्या दिशी दुपारच्या यष्टीनं तिच्याकडं मुक्काम, आन् पहाटं भाच्याच्या गाडीवर मंचरला. पोरीला नवा डरेसबी आणला व्हता. पर पोरगीच कमी पडली, त्याला तुमी तरी काय करनार? तुमी लई केलं तिच्यासाठी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सयाजीराव चहा संपवून माझ्या पाया पडायला वाकले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. मी त्यांचे हात धरले आणि गाडी चुकेल म्हणून त्यांना घाईने स्टँडवर सोडलं. गाडीला अजून तासभर होता.

वृषाली, तू कमी पडली नव्हतीस. कंपनीने तुला उडवलं नव्हतं. दहावीच्या मार्कांची अट त्या कंपनीची नव्हतीच, ती मी रचून सांगितली. तुझं नाव कंपनीकडे गेलंच नाही. यादी मी केली होती आणि त्यातून तुझं नाव मी काढलं.

तीन वर्षं मी माझी समजूत घालत आलो. तळेघरची पोरगी, गाड्यांचा नेम नाही, पुण्याच्या परीक्षेसाठी पहाटे साडेचारला मंचरहून जीप सुटणार, म्हणजे मुलीला रात्री बाहेर राहावं लागणार. बाप पाठवणार नाही आणि आयत्या वेळी जागा रिकामी राहील. आपल्याकडे आपण असं परस्पर समजून घेतो, विचारत बसत नाही. अवघड प्रश्न विचारून समोरच्याला कशाला लाजवायचं, असं म्हणतो आणि त्याला चांगुलपणा समजतो. एक फोन लावायचा होता. तुझ्या घरी बहिणीचं घर, भाच्याची गाडी, नवा ड्रेस, सगळं तयार होतं आणि मी न विचारताच नकार गृहीत धरला.

पण हेही अर्धंच झालं. इथवर लिहून मघाशी मी पाकीट शोधायला उठलो होतो. परत येऊन बसलोय.

गाड्यांचं कारण मला नंतर सुचलं. त्या दिवशी कंपनीने कळवलं की वीसच मुलं पाठवा, आणि माझ्याकडे नावं होती एकवीस. एक काढायचं होतं. मार्कांनी बघितलं तर सगळ्यात खाली ऋषी होता. तो कोणाचा पुतण्या, ते तुला माहीत आहे. संस्थेच्या कमिटीत बसणाऱ्या त्याच काकांपुढे मला जूनमध्ये परिचय द्यायचा होता. मग मी यादीवरून बोट फिरवत गेलो. याचं काढलं तर याचा बाप भांडायला येईल, हिचं काढलं तर हिचा मामा प्राचार्यांकडे जाईल. असं करत तुझ्या नावावर येऊन थांबलो. पहिल्या नंबरची मुलगी. पण तुझ्यासाठी विचारायला तळेघरहून कोणी येणार नव्हतं. एवढंच एक कारण होतं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी तू विचारायला आलीस तेव्हा मी तुला दहावीच्या मार्कांचं सांगितलं. तू "बरं, सर" म्हणालीस. नंतर त्याच दुपारी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकून द्यायला थांबलीस. मी दारातून बघत होतो. ऋषीने ती नोकरी चौथ्या महिन्यात सोडली, हेही सांगून टाकतो.

माफी मागत नाही. मागितली तर तू "जाऊ द्या, सर" म्हणशील, आणि तसं म्हणू नयेस असं मला मनापासून वाटतं. रागव. कॉलेजात येऊन चारचौघांत बोललीस तरी चालेल. हे पत्र वडिलांना दाखव, प्राचार्यांना दाखव. त्यासाठीच खाली पूर्ण नाव आणि हुद्दा लिहितोय.

अक्षदाला मीच सांगू शकलो असतो. पण तुझ्यावर झालेला अन्याय तुझ्या आधी तिला कळावा, हे मला बरं वाटेना. गुरुवारी शिवजयंती, तुमच्या जुन्नरात पाय ठेवायला जागा नसेल आणि पोस्टही बंद राहील. म्हणून हे स्पीड पोस्टाने टाकतोय, बुधवारी तुझ्या हाती पडावं. तिला फोन कर. ताई अपात्र ठरली नव्हती, एवढं तिला तुझ्या तोंडून कळू दे. मग तिने फॉर्म भरावा किंवा भरू नये, पण माझ्या खोट्यावर विसंबून मागे राहू नये. गुरुवारी रात्रीपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही, तर शुक्रवारी सकाळी मी तिला सांगेन. तेवढं धाडस गोळा करतोय.

आणखी एक. यंदा संख्येची अट नाही, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत पास झालेल्यांनाही बसता येतं. म्हणजे तुझी बॅच शेवटची. तुझी सगळी माहिती माझ्याकडे आहे, तुझं नाव घालायला मला दोन मिनिटं लागतील. पण ते मी घातलेलं नाही. काढताना तुला विचारलं नव्हतं, म्हणून घालताना विचारतोय.

शुक्रवारी तीनपर्यंत मी लॅबमध्येच आहे.

तू अजून ज्याला सर म्हणतेस तो,
दादाभाऊ गेणू शिंदे
तासिका तत्त्वावरील अध्यापक, संगणकशास्त्र
(२०२३ ची यादी मीच केली होती.)