तिसऱ्या पाळीचा माणूस

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आमच्या लेकीला, स्नेहलला, तिच्या कंपनीनं सुधारणा योजनेत घातलंय. मला वाटलं, योजना म्हणजे शिलाई मशीन तरी मिळेल. दोन आठवड्यांत सॉफ्टवेअर सरळ झालं नाही तर नोकरी जाणार — ही योजना! पत्रात 'आपल्या प्रगतीसाठी' असं तीनदा लिहिलंय.

सॉफ्टवेअर कसलं, तर सणसवाडीच्या कारखान्यातल्या हजेरीचं. ह्यांनी एकोणीस वर्षं काढली तोच कारखाना. "तू तिकडचीच ना," असं म्हणून सत्यजीत सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, काम तिच्या गळ्यात घातलं.

१८ फेब्रुवारी

दहाची मीटिंग, घरूनच, लॅपटॉपवर. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. हे सांगण्यातच काम अडतं, पण ते कुणी सांगत नाही. मी शेजारी मेथी निवडत ऐकते. सर म्हणाले, ओनरशिप घे. आमच्यात त्याला दोष घे म्हणतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अडचण कळली. तिसऱ्या पाळीचे लोक गैरहजर दिसतात. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर. मध्ये बारा वाजले की सॉफ्टवेअर तारीख बदलतं, आणि माणूस दोन्ही दिवसांत अर्धा अर्धा उरतो.

मी म्हटलं, "अगं, पाळी डब्याची असती. डबा ज्या दिशी भरला, तो दिवस. तुझे पप्पा बुधवारी सकाळी घरी यायचे, पण ते मंगळवारचेच असायचे."

तिनं लगेच लिहून घेतलं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकली! मी वाचायला शिकले ते त्याच डब्याला गुंडाळायच्या पेपरांवर.

शेवटच्या मंगळवारचा डबा दुसऱ्यानंच आणून दिला होता. भरलेला. मशीनपाशीच ह्यांच्या छातीत कळ आली.

२४ फेब्रुवारी

डब्याचा हिशेब चालला! सर वरच्यांना म्हणाले, "आम्ही खोलात जाऊन विचार केला." विचार ओट्यापाशी झाला. सर तिथं नव्हते.

योजना मात्र चालूच. जुन्या नोंदी चालवून बघितल्या, तर एक कामगार आत जातो आणि बाहेर पडतच नाही. शुक्रवारपर्यंत ती नोंद बंद करायची, नाहीतर घरी बसायचं. घरी तर ती आत्ताही बसलेलीच असते.

एवढं काय अवघड, विचारलं. "बघते," म्हणाली. जेवली नाही.

२७ फेब्रुवारी

अजून तेच. नोकरी घालवील, पण एक रकाना भरणार नाही. बापाचा हट्ट!

२८ फेब्रुवारी

सकाळी लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "आई, माझ्यानं होत नाही गं."

गोकुळ दरेकर. तिसरी पाळी. आत: १०.५२. बाहेर: रिकामं. शेरा: कामावर.

चार वर्षं झाली ह्यांना जाऊन.

मी त्या रिकाम्या रकान्यात एका बोटानं सात वाजवले. म्हटलं, "सुटली पाळी. आता या घरी."