एकदम काढलेल्या चार वायरी

आप्पा,

आज रविवार. सकाळी गाडीचे चारी प्लग बदलले आणि वायरीही नव्या टाकल्या. ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी ह्यांनी सेकंडहँड घेतली. पेट्रोलवर चालणारी जुनी एसयूव्ही, उंच आणि बोजड, संगमनेरच्या आमच्या कॉलनीत वळवताना दोनदा मागे घ्यावी लागते. पंधरा दिवस झाले, उभी राहिली की थरथरायची आणि चढाला दम टाकायची. गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस ठेवून जा, बघतो. मी पटकन बोलून गेले की एक सिलिंडर मारत नाहीये, प्लग गेला असेल, त्यात दोन दिवस काय बघायचंय? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अचानक कानडी बोलायला लागले. माझं मलाच कसंतरी झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला बॉनेटखालचं कळतं हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

तर हायवेवरच्या दुकानातून प्लग आणले, वायरींचा सेट आणला आणि कपाटाच्या तळातून तुमचा प्लगपाना काढला. अजून त्याच खाकी फडक्यात आहे. इंजिन गार होतं. आधी सायकलच्या पंपाने प्लगभोवतीचा कचरा उडवला, नाहीतर तो आत पडतो. मग गोधडीचा पांढरा दोरा घेऊन वायरींना बांधला, पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. मग टोकाच्या रबरी टोपीला धरून एकच वायर उपसली, तिचा प्लग बदलला, तिच्याच लांबीची नवी वायर तिच्याच जागी बसवली आणि मगच दुसरीला हात लावला. नवा प्लग आधी बोटांनी फिरवायचा, अडला तर जोर करायचा नाही, पाना सगळ्यात शेवटी. हे सगळं हातांना आठवत होतं. तुम्ही शिकवायचात तेव्हा मी विचारलं होतं, गाठी मारल्यात तर एकेकच कशाला काढायची, आणि एकेकच काढायची तर गाठी कशाला? तुम्ही म्हणाला होतात, ‘‘हात इसरला तर गाठ सांगती, गाठ इसरली तर हात सांबाळतो. दोनी इसरलं तर त्यानं गाडीला हात लावू न्हाई.’’

मी दोन्ही विसरले होते, आप्पा. विसरले तरी कशाला म्हणू, आळस केला.

भिंगारच्या आपल्या क्वार्टरपुढची ती लिंबाची सावली मला अजून दिसते. तुम्ही मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मिस्त्री. पाच वाजता भोंगा झाला की घरी यायचं, चहा प्यायचा आणि अंधार पडेपर्यंत कुणाची ना कुणाची गाडी बघायची. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातून आलेला माणूस, पण इंजिनाचा आवाज ऐकून लांबूनच सांगायचा की कितव्या सिलिंडरमध्ये बिघाड आहे. मी बारावीची परीक्षा दिलेली. लहानपणापासून तुमच्याजवळ बसून बसून मला निम्मं काम येत होतं, आणि तुम्ही मला करू देत होतात. फक्त गिऱ्हाईक आलं की मी उठून आत जायचं, कारण पोरीने खोललेलं इंजिन म्हटलं की लोक गाडी नेतील आणि परत आणणार नाहीत. तरी तुम्ही ठरवलं होतं. सोमवारी आयटीआयला जाऊन माझा मोटार मेकॅनिकचा फॉर्म भरायचा. आई नको म्हणत होती. मामा तर घरी येऊन सांगून गेले की पोरीच्या हाताला ग्रीस लागलं की मेंदी लागायची नाही. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, सोमवारी जातो आमी.

त्याआधीचा तो शनिवार. चर्चच्या पाळकांची पेट्रोल जीप आपल्याकडे होती. रविवारी त्यांना बाहेरगावी उपासनेला जायचं होतं. तुम्ही ड्यूटीवर जाताना मला सांगितलंत, प्लग बदलून ठेव, बाकीचं मी येऊन बघतो. मी प्लग चांगले बदलले, खोटं नाही सांगत. पण वायरी फार कळकट दिसत होत्या. मला वाटलं, चारी एकदम काढून रॉकेलच्या फडक्याने चकचकीत पुसू, म्हणजे तुम्ही आल्याबरोबर शाबासकी द्याल. दोरा आत फळीवर होता, दहा पावलांवर. गेले नाही. चारी उपसल्या, पोत्यावर ओळीने मांडल्या, पुसल्या, आणि तेवढ्यात आईने पाण्याला बोलावलं. परत आले तर मधल्या दोन सारख्याच लांबीच्या. कुठली कुठली? अंदाजाने लावल्या.

तुम्ही संध्याकाळी आलात, जिथून चारी वायरींना करंट वाटला जातो ती डबी उघडून साफ केलीत, तिच्या झाकणातल्या दोन वायरी काढून पुन्हा बसवल्यात. तेवढ्यात पाळक आलेच. त्यांच्याबरोबर गल्लीतली चार माणसं आणि तुमच्या वर्कशॉपमधले एक मिस्त्रीही गप्पा मारत आलेले. मी नेहमीसारखी दाराआड. तुम्ही स्टार्टर मारलात. जीप अंगात आल्यासारखी हलायला लागली आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की समोरच्या घरातलं मूल रडायला लागलं. माणसं हसली. तुम्ही खाली उतरून बॉनेट उघडलंत, पाहिलंत, दोन वायरी अदलाबदल केल्यात, पाच मिनिटांत जीप सुरळीत. पाळकांनी हात जोडून आभार मानले, भला माणूस. पण तुमचे ते मिस्त्री म्हणाले, ‘‘आता डोळं तपासून घ्या, मिस्त्री. वायरी चुकाया लागल्या.’’

वायरी चुकवणं ही नव्या शिकाऊ पोराची चूक. वर्कशॉपमध्ये तिच्यावरून तुम्ही कितीजणांना फाडून खाल्लं होतंत, ते घरी येऊन आम्हाला रंगवून सांगायचात.

त्या रात्री जेवताना तुम्ही भाकरी मोडलीत आणि तशीच हातात धरून बसलात. आई चुलीपाशी होती. तुम्ही मला विचारलंत, ‘‘वायरी एकेकच काढल्या हुत्या ना?’’ रागाने नाही. रागाने विचारलं असतंत तर मी कदाचित रडून सांगून टाकलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे सोमवार होता, फॉर्म होता, मामांचं तोंड होतं. मी म्हणाले, ‘‘एकेकच. गाठी मारून.’’ तुम्ही मान हलवलीत. दोरे कुठेत असं विचारलं नाहीत, कचऱ्यात बघायला उठला नाहीत. म्हणालात, ‘‘मंग माझ्याच हातनं झालं. झाकनातल्या दोन मीच काढल्या हुत्या.’’ आणि भाकरी खायला लागलात. स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या हातांपेक्षा तुम्ही माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवलात. कधी कधी वाटतं, तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला पाठीशी घातलंत. असं वाटलं की मला बरं वाटतं, म्हणून मी तो विचार फार वेळ करत नाही. पाठीशी घालणारा माणूस पुढच्या महिन्यात तीनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला जाईल?

आणि सोमवार. तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट घातलात, सायकल पुसलीत, माझी मार्कशीट पिशवीत घातलीत. मला तुमच्या मागे कॅरिअरवर बसवेना. जिने शनिवारी तसं केलं आणि वर तुमच्या तोंडावर खोटं बोलली, ती कुठल्या तोंडाने तो फॉर्म भरणार? मी म्हटलं, मला नाही जायचं, मी डीएड करते. तुम्ही सायकल हातात धरून उभे राहिलात. मला वाटलं कारण विचाराल. तुम्ही म्हणालात, ‘‘बराबर हाय. ज्याचा हात चुकतो त्याच्या मागं कोन जाईल.’’ तुम्हाला वाटलं, पोरीला बापाची लाज वाटली. तसं नाही, एवढंही मी म्हणाले नाही. आत निघून गेले. आजही हे लिहिताना कान तापतात. मेली जीभ कशी रेटली नाही माझी!

नंतर तुम्ही लोकांच्या गाड्या घ्यायचं हळूहळू बंद केलंत. वर्कशॉपमध्ये स्वतःहून अर्ज देऊन स्टोअरला बदली मागितलीत, खिडकीतून नटबोल्ट मोजून द्यायला. रिटायर होईपर्यंत तिथेच. मी डीएडला संगमनेरला निघाले तेव्हा हा पाना फडक्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलात. मला आता लागत न्हाई, एवढंच म्हणालात. मी घेतला. निमूट घेतला.

आज गाडी पहिल्याच चावीला लागली. थरथर नाही, काही नाही, तुम्ही म्हणायचात तशी दूध पिऊन झोपल्यासारखी. ह्यांनी तर टाळ्याच वाजवल्या. शेजारचे सर कुंपणावरून वाकून म्हणाले, मॅडम, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, मोबाईलवर बघून. आई आता आमच्याकडेच असते, व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं. सर आत गेल्यावर म्हणाली, ‘‘त्यांचं नाव घ्यायला काय झालं होतं गं?’’ मी पाना फडक्यात गुंडाळत राहिले. मग मेथीची जुडी सोडता सोडता स्वतःशीच म्हणाली, ‘‘त्या एका जीपनं खचले ते. मला तर अजून खरं वाटत न्हाई. वायरी चुकवायचा हात नव्हता त्यांचा.’’

आप्पा, तीस वर्षांनी दार आपणहून उघडलं होतं. पुढ्यात आई, आणि ऐकणारं दुसरं कुणी नाही. एवढं म्हणायचं होतं की मी चुकवल्या. मी म्हणाले, ‘‘वय झालं होतं, आई.’’

तुमचं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं. माझं आज एकोणपन्नास आहे, आणि चारी वायरी चष्म्याशिवाय बरोबर बसल्या.

दुपारपासून हे लिहितेय. वाटलं होतं, लिहून झालं की तिला वाचून दाखवेन, तुमच्यापर्यंत नाही तर निदान तिच्यापर्यंत तरी पोचेल. ती आत्ताच येऊन गेली. चहा ठेवू का म्हणाली, आणि विचारलं, एवढं काय लिहितेस?

शाळेचं काम आहे, म्हणाले.