अक्काची चकती पुसेना

३ मार्च, सोमवार

पुसली जात नाही! सकाळपासून तीच रड.

दर आठवड्याला मी रहस्यकथेचं एक प्रकरण मोठ्याने वाचतो, कॉम्प्युटरमध्ये भरतो, डीव्हीडीवर उतरवतो आणि थोरल्या बहिणीला, अक्काला, नेऊन देतो. मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, पण जुन्या प्लेयरचं बटण चाचपून बरोबर दाबते. ऐकून झालं की चकती परत आणायची, पुसायची, पुढचं प्रकरण भरायचं. अशी पुसता येणारी चकती एकच आहे.

आता फक्त शेवटचं प्रकरण उरलंय. खुनी त्यात. आणि पुढच्या सोमवारी अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन! काही बरंवाईट झालं आणि खुनी न कळताच ती – नको, लिहीत नाही.

खुनी मलाही ठाऊक नाही. चकती कोरी झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, हा माझा नियम. माझा संशय कथेतल्या माळ्यावर. अक्काचा डॉक्टरवर – आणि बाई निघालीय डॉक्टरकडेच!

४ मार्च

कॉम्प्युटर माझ्यासारखाच म्हातारा. चित्रांची बटणं दाबली की झोपतो. म्हणून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे. मुलीने ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेत.

पुसायचा हुकूम दिला. उत्तर आलं – ड्राइव्ह कामात आहे. कसलं काम? मी तर काहीच सांगितलं नाही! कागदाच्या तळाशी सापडलं : कॉम्प्युटर चकती आपणहून उघडून धरून बसतो, आधी ती सोडवायची. सोडवली. पुन्हा हुकूम. आता म्हणतो, ही पुसताच येत नाही. झटपट पुसायचा हुकूम देऊन पाहिला, पूर्ण पुसायचाही दिला. ढिम्म!

मी काही मोडलं तर नाही ना?

५ मार्च

चकती मऊ फडक्याने पुसली. मधून कडेकडे, मुलीने शिकवल्याप्रमाणे. ही म्हणाली, "अहो, ताट घासताय का?" बायकोला यातलं काय कळतं!

दुकानात गेलो. दुकानदार हसला. "आजोबा, असल्या चकत्या मागणारं गिऱ्हाईक येऊनसुद्धा वर्षं झाली."

जेवण गेलं नाही.

६ मार्च

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका. चकतीची माहिती विचारायचा हुकूम द्या आणि येईल ते वाचून दाखवा." इंग्रजी अक्षरं एकेक लावत वाचलं. पलीकडून हसू.

"ही एकदाच लिहायची चकती आहे. ही जन्मात पुसणार नाही. ही तुमची नव्हेच!"

शक्यच नाही म्हटलं. अक्काकडून आली ती हिने शिवलेल्या त्याच पिशवीतून. शाईने चकती बिघडेल म्हणून मी वर काही लिहीत नाही, एवढंच.

"अहो, उघडून तर बघा त्यात काय आहे."

उघडली. भाच्याचं लग्न! अक्काच्या मुलाचं! वरातीत मी पुढे, डोक्यावर दाट केस. म्हणजे तीन दिवस मी त्या पोराचं लग्न पुसायला बसलो होतो!

ही मागून वाकून म्हणाली, "ही खालून जांभळी आहे. आपली राखाडी होती."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कुणाला हात लावू देता? आणि एवढा रंग दिसला नाही तुम्हाला? डोळे दाखवा म्हणून किती वेळा सांगायचं!"

डोळ्यांचा विषय निघाला की मला पाणी प्यायचं असतं. उठलो.

७ मार्च

अक्काकडे गेलो. म्हटलं, दिसत नाही म्हणून चुकून बदलली असेल, बिचारी.

कसली बिचारी! "चुकून नाही, मुद्दाम," म्हणाली. "तुझी चकती माझ्या उशाखाली आहे. देणार नाही."

"अगं, सोमवारच्या आत शेवट ऐकायचाय ना तुला?"

"तोच ऐकायचा नाहीये, भित्र्या. खुनी कळल्याशिवाय मी मरायची नाही. एवढा जीव अडकलाय त्यात. आता डॉक्टर काय करतो बघू!"

"आणि लग्न पुसलं गेलं असतं तर?"

"पुसलं जात नाही, हे पोराने चकती देतानाच सांगितलंय. सुनेनेही तेव्हाच त्याच्याकडून खात्री करून घेतलीय."

मी हसलो. घरी येताना जिन्यात थांबून डोळे पुसले. धूळ फार.

१० मार्च, सोमवार

झालं ऑपरेशन. छान झालं! मी बाहेरच्या बाकावर देवाचं नाव घ्यायचं सोडून माळी, डॉक्टर, माळी, डॉक्टर असंच पुटपुटत होतो. शेजारचा माणूस उठून लांब जाऊन बसला.

२ एप्रिल

अक्काला लख्ख दिसतं. आज माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, खिडकीशी बसून शेवटचं प्रकरण एका दमात वाचलं, "अगंबाई!" म्हणाली आणि पुस्तक कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. मग उशाखालची चकती माझ्या हातात दिली. "कोरी करून आण. आता मी वाचून भरणार. तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा ऐक."

घरी येऊन हुकूम दिला. पहिल्या झटक्यात पुसली गेली!

शेवटी मीही डोळे दाखवलेत. माझ्या ऑपरेशनची तारीख सोमवारची.