इनामदारांचं स्वगत

८ जानेवारी १९८९, रविवार. सकाळी सात.
पुनरागमन नक्की. काल बदलापूर गावचे हिंदुराव घरी आले होते. जत्रेत माझं ‘घायाळ इनामदार’ लावायचंय, २५ फेब्रुवारीला. तारखा बघतो म्हणालो आणि डायरी चाळली. कोरी पानं त्यांना दिसणार नाहीत अशी धरली. योगायोगाने २५ मोकळी निघाली.
सहाशे बारा प्रयोग केलेत मी याचे. शिवाय अकरा चित्रपट. शेवटच्या अंकातल्या सात मिनिटांच्या स्वगताला बायका रडायच्या, पुरुष शिट्ट्या मारायचे.
संकल्प: पहाटे फिरणं, आवाजाचा रियाज, सिगारेट बंद. सिगारेट उद्यापासून. पाकीट भरलेलं आहे आणि वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

१० जानेवारी
फिरायला गेलो, अंबरनाथ स्टेशनपर्यंत. पानवाला बराच वेळ निरखून बघत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, तुम्ही पूर्वी टी.सी. होता ना?” म्हणजे ओळखलं! टी.सी.ची भूमिका कुठल्या चित्रपटात केली ते आठवेना, पण केली असणार. अशी छाप पुसली जात नाही. खूश होऊन त्याच्याकडून एक पाकीट घेतलं.

१५ जानेवारी, रविवार
शाळेच्या हॉलमध्ये पहिली तालीम. मुलीचं काम करणारी नीलिमा बँकेत आहे. म्हणाली, “काका, तुम्ही तिसऱ्या अंकातलं वाक्य पहिल्यात घेतलंत. मी अजून पळून गेलेली नाहीये.” याला उत्स्फूर्तता म्हणतात. बँकेत शिकवत नाहीत. आणि काका काय? सर म्हणता येतं.
प्रॉम्प्टर आमचा जुना हरिचंद्र. आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. सहाशे बाराही प्रयोगांना विंगेत वही धरून उभा होता. इतका गरीब स्वभाव की आग लागली तरी कानाशी येऊन सांगेल. आज मात्र सारखा बोलत होता. त्याला म्हटलं, मला सगळं पाठ आहे, तू फक्त वही धर.

२८ जानेवारी
इनामदारांचा कोट आटला. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या सिंधी शिंप्याकडे नेला. त्याने कोट मोजला, मग मला मोजलं. म्हणाला, “साईं, कोट तो वही है.” असा कपडा हल्ली मिळत नाही, असं त्याला म्हणायचं असावं. जाणकार माणूस.

१९ फेब्रुवारी, रविवार
सुहासिनी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, स्वगत म्हणून दाखवा. (बायकोला अचानक कलेत रस.) चार वाक्यं म्हटली. मग थांबलो. “पुढे?” म्हटलं, हा पॉज आहे. जुडी निवडून संपली. “फार मोठा आहे हो पॉज,” म्हणाली. घरच्यांना किंमत नसते.
तरी सावधगिरी म्हणून मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहून टेबल, खुर्ची आणि तलवारीच्या म्यानावर चिकटवणार आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
काल बदलापूरचा प्रयोग अभूतपूर्व झाला.
चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. चष्मा लावणार नव्हतोच, इनामदाराला शोभत नाही. त्यामुळे चिठ्ठ्या दिसल्या, अक्षरं दिसली नाहीत. एक वाचायला टेबलावर इतका वाकलो, की नीलिमाला वाटलं मला चक्कर आली. ती पाणी घेऊन धावली. नाटकात नाही हे. टाळी मिळाली.
मग स्वगत. पहिलं वाक्य कडक गेलं. दुसरं आलं नाही. हरिचंद्राने कुजबुजून दिलं. मला ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने दिलं. मग तिसरंही दिलं, मग तो थांबेचना. विंगेतला माईक त्याच्या तोंडाशी. अख्खी सात मिनिटं तो बोलला, मी ओठ हलवले. समोर हिंदुरावांची आई सगुणाबाई पदराने डोळे पुसत होती. शिट्ट्या! मागून कुणीतरी ओरडलं, “आतल्याला भायेर काढा!” इनामदाराच्या आतला माणूस बाहेर काढा असं प्रेक्षक ओरडून सांगतो, तेव्हा नट जिंकलेला असतो.

५ मार्च, रविवार
हिंदुराव आले. पुन्हा प्रयोग, या वेळी अंबरनाथला. मी डायरी उघडली. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तारीख हरिचंद्राला विचारलीय.”
इनामदार हरिचंद्र करणार! स्टोअरकीपर!
संध्याकाळी तो स्वतःच आला. आत येईना. दारातच उभा राहून म्हणाला, “साहेब, तुम्ही नाही म्हणा. म्हणजे मी सुटलो.”
मी नाही म्हणणारच होतो. तेवढ्यात सुहासिनी चहा घेऊन आली आणि तिने त्याला विचारलं, “भावजी, तुम्हाला करावंसं वाटतं का?”
 त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.
सत्तावीस वर्षांत मी त्याला हे विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.
म्हटलं, कर. मी दिग्दर्शन करीन.

१९ मार्च, रविवार
दिग्दर्शन चालू आहे. मी सूचना करतो, हरिचंद्र ‘हो साहेब’ म्हणतो आणि त्याच्या पद्धतीने करतो. कोट त्याला बरोबर बसला. प्रॉम्प्टर मिळत नाही, म्हणून वही तात्पुरती मी धरणार. दिग्दर्शकाला हे करावं लागतं.

२ एप्रिल, रविवार
काल प्रयोग झाला. मी विंगेत स्टुलावर. हरिचंद्र अडकला की लगेच वाक्य द्यायचं, म्हणून तिन्ही अंक ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. त्याने विंगेकडे एकदाही पाहिलं नाही. स्वगताला हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.
पडदा पडल्यावर वहीत पाहिलं. माझं बोट अजून पहिल्याच अंकात होतं.