लालभडक रक्त

चारठाणा, मंगळवार संध्याकाळ

काकांच्या दोन शेळ्या मेल्या. कापणीनंतर फुटलेली कोवळी ज्वारी खाल्ली होती त्यांनी. मीच चिरून पाहिल्या, रक्त लालभडक. ज्वारीतल्या सायनाइडमुळे पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही, तो रक्तातच राहतो. काकांना हे सांगितलं.

"तू डाक्टरीण झालीस म्हणून नजर लागायची थांबली काय गं? शेजारच्या सखूनं काल टक लावून बघितलं."

सखूमावशी कुंपणापाशीच होती. हे ऐकून आत गेली.

उरलेल्या शेळ्यांच्या गळ्यात आता काळे दोरे. उद्या पुन्हा त्याच रानात सोडणार म्हणे! दोऱ्यानं पेशी श्वास घेतील? इतकं लालभडक रक्त पाहूनही?

गोठ्याला मी कुलूप लावलंय. काका उद्या किल्ली मागतील. आधी त्यांनी सखूमावशीची माफी मागायची, आणि शेळ्यांना ते रान बंद. मगच किल्ली.