शालीखालचं पीठ

दि. ३ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या पोटात दुखतंय. औषध सुचवू नकोस, दुखणं तूच आहेस.

आमची टिकली सुटीला घरी आली होती, तेव्हाची गोष्ट. परवा बेकरीत पावाचं पीठ मळून मी नेहमीसारखी त्यावर आपल्या आईची शाल पांघरली. तर लेक विचारते, पीठ शालीमुळेच फुगतं हे कशावरून? वीस वर्षं पाव विकतेय, असं कुणी विचारलं नव्हतं. मग तिने तेच पीठ दोन पातेल्यांत सारखं वाटलं. एकावर शाल, दुसऱ्यावर साधं फडकं, दोन्ही भट्टीजवळ शेजारी शेजारी. दर वीस मिनिटांनी पट्टीने मोजून वहीत लिहिलं. दोन्ही सारखीच फुगली. गिऱ्हाइकांदेखत तिने जाहीर केलं की शालीचा काही उपयोग नाही, आणि मावशी म्हणते, पुराव्याशिवाय काही मानू नये. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवसातून ऐंशी वेळा मावशी म्हणते!

वर सांगते, दहावीपर्यंत मावशीकडेच राहीन. तुझ्या शाळेत घातली ती आठवीपुरती, असं ठरलं होतं ना? आता इथल्या शाळेतही पुढचे वर्ग निघालेत. आम्ही वाढवायचं आणि तू आयत्या बिळावर नागोबा! वर्ष संपलं की तिला परत पाठव.

आशीर्वाद आहेतच, आज जरा आखडते घेतलेत.
तुझी ताई

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

टिकलीची वही तपासली. मोजमाप चोख, निष्कर्ष मात्र उतावळा. तुझी भट्टीची खोली मुळात गरम, तिथे शाल आणखी काय करणार? मी तिला म्हटलं, जिथे तपासलंस तेवढ्यापुरतंच बोल. मग माझ्या गारठलेल्या स्वयंपाकघरात तिने तेच पुन्हा केलं, एकदा नाही, तीनदा. फडक्याखालचं पीठ रुसून बसलं, माझ्या जुन्या लोकरी शालीखालचं छान फुगलं. तिने स्वतःच्या निष्कर्षावर काट मारली आणि खाली लिहिलं की गरम खोलीत फरक नाही, थंडीत आहे, म्हणजे आईचं अर्धं बरोबर.

शालीवरून आठवलं. आपली आई गेली तेव्हा शाल तुझ्याकडे आली, माझ्याकडे तिचा चष्मा. अकरा वर्षं ती शाल माझ्या डोळ्यांत सलतेय. तुला शाल, तुला लेक. मला मेला चष्मा, तोही दुसऱ्याच्या नंबरचा. म्हणून खरं सांगते. दहावीपर्यंत राहीन हे टिकलीचं वाक्य नाही. मीच रोज जेवताना विचारायचे, राहशील ना गं माझ्याजवळ? असं विचारल्यावर पोर नाही कसं म्हणेल? हवं ते उत्तर प्रश्नातच घालू नका, असं वर्गात मीच शिकवते.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी धाकटी

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. रागावले. दोन दिवस पाव करपले.

आता माझं ऐक. ती शाल आईची नाही. आईच्या शालीला आठ वर्षांपूर्वी कसर लागली, चाळण झाली. मी बाजारातून तसलीच आणली आणि मूग गिळून बसले. तू दरवेळी येऊन तिच्यावरून हात फिरवायचीस, डोळे पुसायचीस. तुझा जळफळाट मला गोड लागायचा. आईने काठाशी रफू केलेलं भोक आठवतं? एवढी विज्ञानाची बाई तू, एकदाही काठ उलटून पाहिला नाहीस.

तेव्हा फिटंफाट. आता टिकलीला एकदाच विचार, कुठे राहायचं? साखर न पेरता, तोंड न पाडता. उत्तर येईल ते खाडाखोड न करता कळव, माझ्या बाजूचं असलं तरी.

अजूनही तुझीच,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. मावशीने आत्ताच तुझा प्रश्न विचारला. तिच्या चेहऱ्यावरून मी उत्तर ओळखू नये म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला तोंडाने सांगवेना, म्हणून लिहून देते म्हटलं.

आई, मला घरी यायचंय.

हा कागद आता मावशीला द्यायचाय. ती अजून पाठमोरीच उभी आहे.
तुझी टिकली