बारशाआधी नाव

४ मार्च
ब्रिस्बेन. पोरीला टूवूंबाहून हेलिकॉप्टरने इथे हलवलं, मला आणि इवानला मागून गाडीने यावं लागलं. जूनमध्ये यायची होती, आत्ताच आली. काचेच्या पेटीत आहे, तळहाताएवढी, नाकातोंडात नळ्या. पेटीवर कार्ड: 'बेबी ऑफ मृणाल'. टाके दुखतायत. रडू येत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

५ मार्च
इवान फोनवर क्रोएशियातली चालू फॅशनची नावं वाचत बसलाय. आई तिकडची, पण स्वारीचा जन्म मेलबर्नचा, तो देश दोनदा पाहिलाय फक्त. निका म्हणजे विजय. लुत्सिया म्हणजे प्रकाश. दोरा म्हणजे देणगी.
म्हटलं, "देणगी देऊन परत मागतात का कुणी?"
फोन उलटा ठेवला बिचाऱ्याने. नको होतं बोलायला.
बाराव्या दिवसाआधी आमच्यात नाव ठेवत नाहीत, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे. पाळणा, आत्या, कानात कुर्रर्र. तेव्हा किती गोड वाटलं होतं त्याला! बहिणीला पर्थहून बोलवायचंही ठरवून टाकलं होतं.

७ मार्च
बाका आली, म्हणजे सासूबाई. त्यांच्याकडे आजीला बाका म्हणतात, आता मीही म्हणते. थर्मासमध्ये चिकन सूप, आणि कोट काढायच्या आधी प्रश्न: नाव काय? बाप्तिस्मा कधी?
म्हटलं, बारशाला.
इवान म्हणाला, "मृणाल, नाव नसताना गेली तर मी तिला काय म्हणून आठवू?"
"तू तिला घालवूनच बसलायस!"
कॉरिडॉरमध्ये केवढ्यांदा ओरडले. तो कार पार्कमध्ये निघून गेला. त्याला नाव म्हणजे तिला धरून ठेवणं वाटतं. मला घाईघाईने ठेवलेलं नाव म्हणजे निरोप वाटतो. दोघांचंही खरं, आणि काही उपयोग नाही.

८ मार्च
पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. "घाई कशाला गं? बाराव्या दिवशी मी इथे घुगऱ्या वाटते, तू तिथे नाव ठेव." आईला अर्धंच सांगितलंय. उरलेलं कुठल्या तोंडाने सांगू? दूध पंपाने काढायचं, लेबल लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. ती पीत नाही. तरी काढते.

१० मार्च
इन्फेक्शन. डॉक्टरांचा आवाज फार मऊ झालाय, मला तो आवडत नाही.
अरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, कॅन्टीनमध्ये, बाकाबरोबर. इतकी वर्षं मी तिचं खरं नाव विचारलंच नव्हतं. झिव्का. म्हणजे जगणारी. गावात पोरं टिकत नसली की असं नाव ठेवायचे म्हणे. मी माझ्या पणजोबांचं सांगितलं, धोंडू. दगड. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघणार नाही म्हणून. आल्यापासून पहिल्यांदा हसली बाका.
मी पोरीसाठी तिचं नाव मागणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मी दुसरी. पहिली झिव्का माझी बहीण. पाळण्यातच गेली. मग तेच नाव मला. दुसरं शोधायला आईच्यात त्राण कुठे होतं?"
कॉफी तशीच टाकून वर आले. म्हणजे नावाने काहीही होत नाही. इवानच्या फोनवरच्या सगळ्या विजय आणि प्रकाशांनी काहीही होत नाही.

११ मार्च
बाप्तिस्म्याला हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, दमले म्हणून. रात्री पोरीचा श्वास दोनदा थांबला म्हणे.
हॉस्पिटलचे फादर आले. नर्सने सिरिंजमध्ये पाणी दिलं, कारण थेंबाहून जास्त चालणार नव्हतं. फादर म्हणाले, नाव? इवानने माझ्याकडे पाहिलं. निवड माझ्यावर सोडली त्याने. अशा वेळी त्याच्यावर प्रेम येतं आणि चीडही.
मी म्हटलं, झिव्का.
बाका "ने, ने" म्हणत भिंतीकडे वळली. नको, नको. फादर थांबले. म्हटलं, थांबू नका.
जी गेली तिचं नाव हे, आणि जी राहिली तिचंही. निदान खोटं आश्वासन तरी नाही त्यात. पण बारसं मोडलं. आत्या नाही, पाळणा नाही, कुणाच्या पाठीत धपाटा नाही. सगळ्यांचा राग येतोय. देवाचा तर विचारूच नका. कुठल्याही.

१२ मार्च
ऑक्सिजन पुन्हा वाढवलाय. डॉक्टरांना दोन वाजता दोघांशी बोलायचंय, 'बसून'. इवान बाकाला मोटेलवरून आणायला गेलाय.
नर्स म्हणाली, "बोल तिच्याशी, लव्ह. आवाज ओळखतात बाळं." काय बोलू? इतके दिवस तिच्याशी एक शब्द बोलले नाही. सगळ्यांशी भांडले तेवढी.
आईचा मेसेज: नाव ठरलं का गं?
लिहिलं, ठेवलं.
अगं, बारशाआधीच? बरं. अर्थ काय?
लिहिलं, जगणारी. पुढे काही लिहवेना. आईने नुसते जोडलेले हात पाठवले. समजली असेल.
अजून वेळ आहे दोनला. वही मिटते. पेटीच्या भोकातून हात आत घालून एकदा हाक मारून बघते.